नॉब ओढल्यावर काय होतं

गुलमंडीकडून सिटी चौकाकडं जाताना मधेच एक अरुंद बोळ लागतो. त्या बोळात चांदपाशांचं दुकान आहे. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा, पडद्यामागं स्वयंपाकघर आणि तिथं त्यांची बायको जैतुनबी. दुकानावर पाटी नाही. बेचाळीस वर्षं ॲम्प्लिफायर, मिक्सर, भोंगे आणि बँडच्या गाड्यांवरचे स्पीकर दुरुस्त केल्यावर पाटीची गरज उरत नाही. कुणाच्याही मांडवात मशीन मुकं झालं की लोक एवढंच म्हणतात, "पाशाभाईकडं न्या."

त्या सोमवारी दुपारी चारच्या सुमारास बुद्धभूषण दुकानात आला. पाठीवर गिटार, हातात छोटा ॲम्प्लिफायर. बुद्धभूषण तिशीतला. राहायला मुकुंदवाडीला, कामाला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, पहिल्या पाळीला. बाकीचा सगळा वेळ तो गीताबाईंच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. गीताबाई त्याची सख्खी मावशी. भीमगीतं आणि बुद्धगीतं गाण्यात तिची हयात गेलेली. आवाज असा की माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नसे.

"चाचा, एक अडचण हाय," तो स्टुलावर बसत म्हणाला. "आमचा कीबोर्डवाला राजकुमार पुण्याला गेला. नोकरी लागली त्याला. आता त्याच्या जागंवर बी मीच अन् माझ्या जागंवर बी मीच."

"मग दुसरा कीबोर्डवाला बघा की."

"मावशी म्हणती, काय काढायचं ते गिटारमधूनच काढ. अन् ही गिटार लई जाड बोलती, चाचा. ढोलकी जोरात असली तर शोभती. पण कडवं हळू झालं का मावशीच्या आवाजावर बसून घेती नुसती. मला जाड बी पाहिजे, बारीक बी पाहिजे. रविवारी दौलताबादला विहाराचं उद्घाटन हाय. तवर होईल का?"

चांदपाशांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती आणि आजवर कधी एखादी उघडायचीही वेळ आली नव्हती. पण तारांखाली बसवलेले ते दोन लांबट डबे, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे पिकअप, त्यांनी बोटांनी चाचपले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"दोन डबे आणि एकेकात दोन-दोन कॉइल," ते म्हणाले. "दोन्ही उलट्या गुंडाळलेल्या. लाइटीची भुणभुण दोघींत शिरते, पण एकीत सुलटी अन् एकीत उलटी, म्हणून एकमेकींना खाऊन टाकते. चुंबकाची तोंडं बी उलटी, त्यामुळं तारेचा आवाज मात्र दोघींचा मिळून डबल येतो. म्हणून तुझी गिटार जाड."

"मग बारीक कसा काढायचा?"

"एकीला गप्प बसवायचं. दुसरी एकटी बोलली की झालं बारीक."

बुद्धभूषणनं खिशातून एक पुडी काढली. त्यात ओढले की वर येणारे दोन नॉब होते, खाली चिमुकले स्विच जोडलेले. मोबाइलवर बघून त्यानं ते आधीच मागवले होते. चांदपाशांनी एक नॉब दोनदा वर-खाली केला. टिक, टिक.

"बुधवारी घेऊन जा," ते म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गेली दोन-तीन वर्षं चांदपाशांच्या कानांतून वरचे बारीक आवाज हळूहळू नाहीसे होत चालले होते. खिशातला मोबाइल वाजून वाजून थांबायचा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या असं जैतुनबी म्हणायच्या, तेव्हा हे म्हणायचे, अजून एक पण नाही. उलट ढोलाचा घुमारा, मोटारीची घरघर, ट्रान्सफॉर्मरची भुणभुण त्यांना पहिल्यासारखीच स्वच्छ ऐकू यायची. कामात तेवढं पुरत होतं. त्यामुळं आपले कान शाबूत आहेत अशी त्यांची खात्री होती. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढंच.

मंगळवारी सकाळी त्यांनी गिटारची पाठ उघडली. प्रत्येक पिकअपमधून चार रंगीत वायरी आलेल्या. बुद्धभूषणनं मोबाइलवर पाठवलेल्या नकाशातले रंग आणि डब्यातले रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण त्यानं चांदपाशांचं अडत नव्हतं. त्यांच्याकडं काट्याचं जुनं मीटर होतं. वायरी मीटरला जोडायच्या, पेचकस पिकअपवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. काटा कुठल्या बाजूला उडी मारतो त्यावरून कॉइलची दिशा कळते. तासाभरात त्यांनी आठही वायरींची कुंडली एका पुठ्ठ्यावर मांडली. पुढच्या पिकअपला एक नॉब, मागच्याला दुसरा. नॉब ओढला की त्या पिकअपची एक कॉइल बंद. दुपारच्या आत सोल्डर करून झालं. सांधे मोत्यासारखे चकचकीत.

मग त्यांनी ॲम्प्लिफायर लावला आणि मधली तार छेडली. नॉब खाली होता. जाड, भरलेला, गोल आवाज आला. ते खूश झाले. नॉब ओढला, पुन्हा तार छेडली.

आवाज पडला. आणि मागून भुणभुण आली.

चांदपाशांनी भुवया आक्रसल्या. बेचाळीस वर्षांत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. आवाज बसला आणि भुणभुण आली, की कुठंतरी अर्थिंग सुटलंय. त्यांनी गिटार पुन्हा उघडली, सगळे सांधे काढले, नव्यानं केले. लावून पाहिलं. तेच.

बुधवारी त्यांनी वायरी बदलल्या. तरी तेच. मग स्वयंपाकघरात जाऊन जैतुनबींची रोट्या गुंडाळायची चंदेरी पन्नी आणली आणि गिटारच्या पोटात आतून अस्तर लावल्यासारखी बसवली. त्यानं भुणभुण जराशी कमी झाली, पण आवाज पडायचा तो पडतच राहिला. बुद्धभूषणचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "उद्या ये." फोन मुळात जैतुनबींनीच आतून ओरडून सांगितला म्हणून उचलला गेला होता.

गुरुवारी सकाळी पडद्याआडून आवाज आला, "कायकू खोल रै जी फिरसे?"

"काम हय," चांदपाशा म्हणाले.

दोघांचं घरातलं बोलणं दखनीत चालायचं. ते पुढं मी मराठीतच सांगतो, म्हणजे सोपं पडेल.

चांदपाशांचा संशय आता थेट पिकअपवर आला होता. वायरिंग चोख, स्विच चोख, म्हणजे खोट डब्यातच. त्यांनी मागचा पिकअप स्क्रू काढून बाहेर घेतला आणि कॉइलभोवतीची काळी पट्टी सोलायला घेतली. आतली तांब्याची तार केसाहून बारीक. पट्टी चिकटलेली. त्यांनी नखानं हळूच ओढली, मग जरा अजून ओढली, आणि पट्टीबरोबर ती तारही आली. किती बारीक गोष्ट. तुटल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही. मीटर लावलं तेव्हा काटा जागचा हलला नाही.

चांदपाशांनी पिकअप टेबलावर ठेवला.

जैतुनबी चहा घेऊन आल्या. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "मोडलं का?"

"मोडलं."

"चांगलं वाजत होतं की. कशाला खोललं?"

"काय चांगलं वाजत होतं?" चांदपाशा वैतागून म्हणाले. "नॉब ओढला की आवाज मरतोय. भुणभुण येतीय. तीन दिवस झाले तेच शोधतोय मी."

जैतुनबींनी कप खाली ठेवला. "मरतोय कुठं? तुम्ही ते बटण ओढलं की आवाज कसा उजळून निघायचा. घासलेल्या भांड्यावानी. मी आत तांदूळ निवडत ऐकत होते. परवापासून. मला वाटलं तुम्हाला आवडलंय म्हणून पुन्हा पुन्हा वाजवताय."

"काहीतरीच."

"काहीतरी नाही. खाली असलं की आवाज मटणाच्या खलियावानी दाट. वर ओढलं की त्याच्यात लिंबू पिळल्यावानी."

चांदपाशा हसले, पण हसू तोंडातच राहिलं. मागचा पिकअप मेला होता, पुढचा अजून जिवंत होता. त्यांनी त्या एकाच पिकअपवर ॲम्प्लिफायर चालू केला. "तिकडं तोंड कर," ते म्हणाले. जैतुनबींनी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरची तारीख वाचत उभ्या राहिल्या.

चांदपाशांनी नॉब ओढला आणि तार छेडली.

"वर," जैतुनबी म्हणाल्या.

नॉब दाबला. "खाली."

पुन्हा दाबूनच ठेवला. "खालीच आहे."

मग त्यांनी लबाडी केली. नॉब दाबून ठेवला, पण ॲम्प्लिफायरचा आवाज कमी केला, म्हणजे आवाज पडल्यासारखा वाटावा. "खाली," जैतुनबी म्हणाल्या, "पण तुम्ही आवाज कमी केलाय." नॉब ओढून ॲम्प्लिफायर मोठा केला. "वर. आणि हळू करा, शेजारी भाईजान झोपलेत."

दहा वेळा झालं. दहाही वेळा बरोबर. चांदपाशांना दहाही वेळा फक्त मोठा आवाज किंवा लहान आवाज आणि त्यामागची भुणभुण ऐकू आली होती. आवाजातून जे गेलं ते सगळं त्यांना कळत होतं. त्यात जे नवं आलं ते एकदाही कानावर पडलं नव्हतं.

त्यांनी ॲम्प्लिफायर बंद केला.

"जैतुन," ते म्हणाले, "मंगळवारीच झालं होतं मग हे काम. एकटी कॉइल थोडी भुणभुणणारच."

"हो."

"मी चांगलं काम चार वेळा खोललं."

जैतुनबी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. कुकरच्या शिट्ट्यांवरून त्यांनी दोन वर्षं टोमणे मारले होते, पण आज त्यांना ते सुचलं नाही. "चहा प्या," त्या म्हणाल्या. "गार होतोय."

चार वाजता बुद्धभूषण येणार होता. साडेतीनपर्यंत चांदपाशांनी मनातल्या मनात एक उत्तर तयार केलं. पिकअपवर कंपनीचं नावगाव नव्हतं. माल हलका होता, हात लावताच कॉइल गेली, असं म्हटलं असतं तर पोरानं सहज मानलं असतं. वर आणखी "पुढच्या वेळी बघून घे" असा सल्लाही देता आला असता. त्यांनी ते जैतुनबींना बोलूनही दाखवलं.

"म्हणा की," जैतुनबी म्हणाल्या. "मग तो तसलाच दुसरा आणील, तुम्ही बसवाल अन् पुन्हा खोलत बसाल."

चांदपाशांनी ते उत्तर टाकून दिलं.

बुद्धभूषण आला तोच हसत. हातात भजी. चांदपाशांनी त्याला बसवलं, पिकअप त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. काम मंगळवारी झालं होतं. मला बारीक आवाज ऐकू येत नाही. म्हणून मला ते बिघडलेलं वाटलं. म्हणून मी खोलत गेलो. आणि आज माझ्या हातून तार तुटली.

बुद्धभूषणच्या हातातली भज्यांची पुडी तशीच राहिली. त्यानं पिकअप उचलला, उलटसुलट केला. "चाचा, रविवारी कार्यक्रम हाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण कोरडा झाला होता. "पहिल्याच दिवशी बोलला असता तर मी बसलो असतो ना इथं. मला येतं ना ऐकू."

"मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, बेटा."

"माहीत नव्हतं?"

"माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हण."

बुद्धभूषण उठून दारात गेला आणि मावशीला फोन लावला. बोलताना त्यानं स्पीकर चालू केला, का कोण जाणे. कदाचित आपण काय ठरवतोय ते चाचांना कळावं म्हणून असेल. त्यानं झालेलं सांगितलं आणि विचारलं, "मावशे, दुसऱ्या कुणाकडं नेऊ का?"

पलीकडून गीताबाईंचा खणखणीत आवाज आला. हा आवाज ऐकायला चांदपाशांना काहीच अडचण नव्हती.

"पाशाभाईच्या हाताला काय झालंय का?"

"हाताला नाय काय झालं."

"डोळ्याला?"

"नाय."

"मग? कान तुझ्याकडं हायेत ना दोन? बस त्यांच्याशेजारी. आमचा ॲम्प्लिफायर भर पावसात बुडाला व्हता तवा त्या माणसानं एका दिवसात बोलता केला व्हता. तू तवा चड्डीत मुतत व्हतास. ठेव फोन."

फोन बंद झाला. बोळातून एक हातगाडी खडखडत गेली. बुद्धभूषण खाली मान घालून हसला, मग मोठ्यानं हसला, आणि त्यानं भज्यांची पुडी उघडून चांदपाशांपुढं धरली. "उद्या शुक्रवार," तो म्हणाला. "आमची साप्ताहिक सुट्टी. सकाळी येतो."

पण तार त्या आधी जोडायला हवी होती, आणि ते काम चांदपाशांचं एकट्याचं होतं. उरलेल्या उजेडात ते दारातच टेबल ओढून बसले. डोळ्याला भिंग लावलं. कॉइलवर हजारो वेढे, आणि त्यातलं सगळ्यात बाहेरचं टोक कुठंतरी चिकटून बसलेलं. त्यांनी सुईनं ते हुडकलं, अर्धा वेढा उलगडला, सोल्डरच्या गरम टोकानं त्याच्यावरचं वार्निश जाळलं आणि त्याला नवी वायर टेकवली. या वेळी श्वास रोखून धरला होता. एक थेंब. मग चिकटपट्टीचे दोन पदर. मीटर लावलं. काटा डुलत उठला आणि जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. चांदपाशांनी भिंग काढलं आणि पाठ भिंतीला टेकली.

शुक्रवारी सकाळी नऊलाच बुद्धभूषण हजर. तिघांच्या जागा ठरल्या. तो गिटार घेऊन स्टुलावर, चांदपाशा सोल्डर घेऊन टेबलाशी आणि जैतुनबी पडद्याच्या अलीकडं, मांडीवर मेथीची जुडी. सुरुवातीला त्या लाजत होत्या. पोरासमोर काय बोलायचं. पण बुद्धभूषणनं पहिला झणकार काढल्यावर त्यांना राहवलं नाही.

"हा खलिया."

बुद्धभूषणनं नॉब ओढला.

"हे लिंबू."

"बरोबर हाय, चाची," तो हरखून म्हणाला. "लई बारीक झालाय. हाच पाहिजे व्हता मला हळू कडव्याला!"

त्यानं पिकअप निवडायचा तीन खाचांचा स्विच फिरवला. पुढचा पिकअप. मागचा पिकअप. मग मधली खाच, म्हणजे दोन्ही एकदम. नॉब एक वर, एक खाली. दोन्ही वर. प्रत्येक वेळी आवाज बदलत होता आणि जैतुनबी मेथी निवडत निवाडा देत होत्या. एकाला त्यांनी शेवयांची खीर म्हटलं. एक त्यांना मुळीच आवडला नाही. "हा शिळ्या भाकरीवानी," त्या म्हणाल्या, आणि बुद्धभूषण म्हणाला, "नाय चाची, हा मला ढोलकीसंगं चालंल." दोघांची त्यावरून थोडी बाचाबाची झाली.

चांदपाशांना यातलं काहीच कळत नव्हतं. ते फक्त एक गोष्ट ऐकत होते. भुणभुण.

"थांब," ते एकदम म्हणाले. "मधल्या खाचेवर ठेव. दोन्ही नॉब वर. तारेला हात लावू नको."

बुद्धभूषण थांबला. "काय झालं?"

"भुणभुण येतीय."

"मला तर नाय येत एवढी."

"मला येतीय. दौलताबादला मोठे स्पीकर असतील, हॅलोजन असतील. तिथं सगळ्या गावाला येईल." चांदपाशांनी पुठ्ठ्यावरची ती कुंडली जवळ ओढली. बोट ठेवून वाचत गेले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा तो जुना भाव आला. "दोन्ही डब्यांतली एकाच दिशेची कॉइल चालू ठेवलीय मी. दोघी सुलट्या. मग एकमेकींना खाणार कशा? एका डब्यातली सुलटी ठेवायची, दुसऱ्यातली उलटी. मग दोन डब्यांतल्या दोघी मिळून पुन्हा जोडी होते."

"पण बारीकपणा जाईल ना?"

"ते तू सांगायचं. मला काय विचारतो?"

एकच वायर होती. मागच्या पिकअपच्या स्विचवरून काढून पलीकडच्या टोकाला न्यायची. दहा मिनिटांचं काम. गिटार पुन्हा बंद झाली, ॲम्प्लिफायर लागला. मधली खाच. दोन्ही नॉब वर. चांदपाशांनी कान पुढं केला. काहीच नाही. स्पीकर चालू आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकं शांत.

"वाजव," ते म्हणाले.

बुद्धभूषणनं सहाही तारांवरून हात फिरवला.

"बस, हेच!" जैतुनबी म्हणाल्या.

"बस, हेच!" चांदपाशाही त्याच वेळी म्हणाले.

जैतुनबींना ऐकू आलं ते त्यांना आलं नव्हतं, आणि जी भुणभुण त्यांना आता ऐकू येईनाशी झाली ती जैतुनबींना कधी आलीच नव्हती. दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागले. बुद्धभूषणला काय झालं ते नीट कळलं नाही, पण तो वाजवत राहिला. त्याला थांबावंसंच वाटत नव्हतं. शेवटी चांदपाशा जुम्म्याच्या नमाजला निघाले तेव्हा तो म्हणाला, "चाचा, तुम्ही जाऊन या, मी बसतो." आणि त्यानं मेथीच्या भाजीबरोबर दोन रोट्या खाल्ल्या.

रविवारी दुपारी गीताबाईंच्या पार्टीचा टेम्पो बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. चांदपाशा आणि जैतुनबींना न्यायला. नको नको म्हणत दोघं पुढच्या सीटवर बसले. दौलताबादला विहारासमोर पटांगणात मांडव घातला होता, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पुढं, पोरं सगळीकडं. सूर्य कलला तेव्हा वंदना झाली आणि मग गीताबाई माइकसमोर आल्या. चांदपाशा दुसऱ्या रांगेत होते. गाणं सुरू होण्याआधी त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं. भुणभुण नव्हती.

पहिल्या दोन गाण्यांत बुद्धभूषण नॉब दाबूनच वाजवत होता. तिसरं गाणं संथ होतं. कडव्याला ढोलकी थांबली, गीताबाईंनी आवाज खाली आणला, आणि चांदपाशांनी पाहिलं की बुद्धभूषणची बोटं नॉबकडं गेली. जैतुनबींनी त्यांच्या हातावर एक बोट टेकवून वर उचललं. वर. कडवं संपलं, ढोलकी आली, बोट पुन्हा खाली. मग हाच खेळ सुरू झाला. गाणं ऐकावं की बायकोचं बोट बघावं असं चांदपाशांना झालं. मागं बसलेला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणत होता, "कीबोर्डवाला दिसत नाही कुठं. पडद्यामागं बसवला काय?"

आठ आवाज निघत होते त्या गिटारमधून. बुद्धभूषणनं सबंध कार्यक्रमात तीनच वापरले. जैतुनबींचा नावडता त्यातच होता, आणि ढोलकीबरोबर तो चांगला लागला हे त्यांना कबूल करावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर गीताबाई पदरानं घाम पुसत आल्या. त्यांनी जैतुनबींचे दोन्ही हात धरले, मग चांदपाशांकडं वळल्या. "पाशाभाई, कानाचं काय करताय?"

"काय करायचं? वय झालं."

"वय माझं बी झालं. मी चष्मा लावला का नाय? तवा म्हणलं व्हतं का, डोळं मोडीत काढा म्हणून? जावा दवाखान्यात."

चांदपाशांनी मान हलवली. अशी मान ते दोन वर्षं जैतुनबींपुढंही हलवत आले होते. फरक एवढाच की या वेळी जैतुनबींनी बुधवारीच रिक्षा दारात आणली.

कानाच्या डॉक्टरबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की हात वर करा म्हणाल्या. चांदपाशांनी मनापासून हात वर केला. नंतर बाईंनी एक कागद पुढं सरकवला. त्यावर एक रेघ होती, डावीकडून सरळ आलेली आणि मधेच उतारावरून घसरलेली. बाई समजावून सांगायला लागल्या, पण चांदपाशांनी कागद स्वतःकडं ओढला. असले आलेख त्यांनी शेकडो पाहिले होते.

"दोन हजार हर्ट्झपर्यंत चोख," ते म्हणाले. "पुढं ट्रेबल बंद."

बाई थबकल्या. "तुम्ही काय करता?"

"हेच," चांदपाशा म्हणाले.

महिन्याभरात यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं. पहिल्या दिवशी त्यांनी भरपूर तक्रारी केल्या. भाजी चिरताना एवढा आवाज कशाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या कुणी काढल्या, बोळातल्या सगळ्या रिक्षांना ब्रेक पॅड नाहीत. बुद्धभूषण मुद्दाम गिटार घेऊन आला, त्यानं नॉब ओढून तार छेडली. चांदपाशांनी मान वाकडी करून ऐकलं. "लिंबू आहे," ते म्हणाले, "पण जरा जास्तच पिळलंय." बुद्धभूषणच्या मते ते यंत्राचं होतं, गिटारचं नव्हतं.

चांदपाशांनाही तसंच वाटलं. त्याच संध्याकाळी जैतुनबी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर ते टेबलाशी दिवा लावून बसले होते, डोळ्याला भिंग, हातात सगळ्यात बारीक पेचकस आणि समोर फडक्यावर ते शेंगदाण्याएवढं यंत्र.

"काय करताय?"

"काही नाही. आत नुसतं बघतो, वरचं थोडं कमी करता येतं का."

जैतुनबींनी आधी यंत्र उचललं, मग पेचकस. यंत्र त्यांनी नवऱ्याच्या कानात बसवलं आणि पेचकस आत नेऊन ठेवला. कुठं ठेवला ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.